थडग्यात धरलेलं बाळसं

७ जानेवारी १७३२. सर्बियातल्या मेद्वेजा गावचं कब्रस्तान. साठ वर्षांच्या एका बाईचं प्रेत ती वॅम्पायर झाल्याच्या संशयावरून उकरून वर काढलंय. ऑस्ट्रियन पलटणीतला शस्त्रवैद्य योहान फ्लुकिंगर ते चिरतोय आणि भोवती गावातले हैदूक, म्हणजे हद्द राखणारे हत्यारबंद शेतकरी, उभे आहेत. बाईचं नाव मिलित्सा. तीन महिने आजारी होती, मातीआड होऊन नव्वदच्या वर दिवस झालेत. फ्लुकिंगरने छातीच्या पोकळीत पातळ रक्त किती, आतले अवयव कसे, हे सगळं कोरडेपणाने नोंदवलं. पण त्यापुढे त्याने एक वाक्य लिहिलं, जे कुठल्याही शवविच्छेदनाच्या कागदावर सहसा सापडत नाही. भोवतीचे सगळे हैदूक तिचं भरलेलं अंग बघून थक्क झाले, असं ते वाक्य सांगतं. हिला आम्ही आमच्या तरुणपणापासून ओळखतो, ते एकमुखाने म्हणाले, ही जन्मभर वाळकी, काटकुळी होती. हे बाळसं हिने थडग्यात धरलंय. त्या अहवालात अंगावर काटा येईल असं बरंच काही आहे. छाती चिरल्यावर वाहिलेलं रक्त आहे, मुंडकी छाटणं आहे, राख नदीत टाकणं आहे. ते सगळं वाचून विसरता येतं. हे एक वाक्य मात्र पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत राहतं. एका बाईला ओळखणाऱ्या माणसांनी तिच्याबद्दल सांगितलेली, तिच्या जिवंतपणाची म्हणावी अशी जवळजवळ एकच गोष्ट कागदावर उरली, ती म्हणजे तिचं वाळकं असणं.

मेद्वेजा हे पश्चिम मोरावा नदीच्या काठचं सरहद्दीवरचं गाव. १७१८ च्या तहात तुर्कांकडून हा मुलूख ऑस्ट्रियाकडे आला आणि हद्दीची राखण करायला हैदूक कुटुंबं वसवली गेली. शेतकरी, पण कमरेला हत्यार. १७३१ च्या हिवाळ्यात त्या गावात माणसं मरू लागली. तीन महिन्यांत सतरा. ताप, कुशीत आणि छातीत कळा, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. सरकारला धास्ती प्लेगची, म्हणून पाराचिनला नेमलेला साथीचा वैद्य ग्लासर १२ डिसेंबरला येऊन घरोघर फिरला. त्याला प्लेगचा मागमूस लागला नाही. दिसलं ते असं: रात्र पडली की दोन-तीन घरांतली माणसं एका घरात गोळा होत, निम्मी झोपत, निम्मी जागत. आमच्यात वॅम्पायर शिरलेत, त्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय मरण थांबणार नाही, सरकार करत नसेल तर आम्ही गाव सोडून जातो, असं त्यांनी त्याला सुनावलं. ग्लासरने मरणाचं कारण शोधलं ते साधं होतं. त्याने लिहिलं की ही माणसं नीट खात नाहीत, आणि त्यात त्यांचे उपास फार कडक आहेत.

ग्लासरचं हे निदान पुढच्या गदारोळात बुडालं. त्याचा दिवस मात्र बघायला हवा. ऑस्ट्रियन कॅलेंडरवर १२ डिसेंबर म्हणजे सर्बियन चर्चच्या जुन्या कालगणनेत १ डिसेंबर. त्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर होतं. ख्रिस्तजन्माआधीचा चाळीस दिवसांचा उपास तेव्हा चालू होता. मांस नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं नाही. कोठारं भरलेली असताना असा उपास म्हणजे पुण्य. आधीच तुटवडा असलेल्या घरात, बर्फात, आजाऱ्याच्या अंथरुणाशी तोच उपास म्हणजे काय, हे सांगायला वैद्य लागत नाही. फ्लुकिंगर आला तो ७ जानेवारीचा दिवस म्हणजे जुन्या गणनेत २७ डिसेंबर, नाताळचा तिसरा दिवस. चाळीस दिवसांचा उपास सुटून दोनच दिवस झालेले. त्या दिवशी गाव कुदळी घेऊन कब्रस्तानात आलं आणि एका वाळक्या बाईचं भरलेलं अंग बघून दचकलं.

मिलित्सावर आरोपही खाण्याचाच होता.

त्याची हकीकत पाचेक वर्षं मागे जाते. आर्नोल्ड पावले नावाचा हैदूक गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. जिवंतपणी तो सांगायचा की तुर्की सर्बियात असताना मला एका वॅम्पायरने छळलं, तेव्हा मी त्याच्या थडग्यावरची माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला फासलं. तिकडचा हा नेहमीचा उतारा. पावले मेल्यावर वीस-तीस दिवसांत लोक तक्रार करू लागले की तो येतो. चार माणसं गेली. चाळिसाव्या दिवशी त्याला उकरलं, काळजात खुंट ठोकला, तेव्हा तो मोठ्याने कण्हला आणि भळाभळा रक्त आलं. त्याच दिवशी त्याला जाळून राख थडग्यात टाकली. त्याने मारलेल्या चौघांचंही तेच केलं. इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण पावलेने म्हणे गुराढोरांचंही रक्त प्यालं होतं, आणि त्या जनावरांचं मांस ज्यांनी खाल्लं ते मेल्यावर वॅम्पायर होणार, असा हिशोब गावाने मांडला. मिलित्साने वॅम्पायरने मारलेल्या मेंढ्यांचं मांस खाल्लं होतं, आणि या खेपेचे वॅम्पायर तिच्यापासून सुरू झाले, हे हैदुकांनी तिथे थडग्यापाशीच सांगितलं. मेलेली मेंढी कोण खातं? ज्याच्या घरात दुसरं मांस येत नाही, तो. संशयित मांस टाकून देण्याची चैन ज्यांना परवडली त्यांच्यावर हा आळ यायचं कारणच नव्हतं.

थडग्यांची ती यादी सावकाश वाचावी अशी आहे. वीस वर्षांची स्ताना, बाळंतपणात गेलेली. तिनेही जिवंतपणी सांगून ठेवलं होतं की मी वॅम्पायरचं रक्त अंगाला लावलंय. तिचं मूल जन्मताच गेलं, घाईघाईत वरवर पुरलं गेलं आणि कुत्र्यांनी उकरून अर्धं खाल्लं. स्तानाच्या हातापायांची कातडी नखांसकट सुटून आली आणि खाली नवी कातडी, नवी नखं दिसली. मग मिलित्सा. मग आठ दिवसांचं एक मूल, नव्वद दिवस जमिनीत, तेही ‘वॅम्पायरच्या स्थितीत’. मग हैदूक मिलोयेचा सोळा वर्षांचा मुलगा. हा मेल्यावर स्तानोइका नावाची एक सून धडधाकट अंथरुणावर पडली आणि मध्यरात्री किंचाळत उठली: मिलोयेच्या पोराने माझा गळा दाबला. छातीत कळा आल्या, तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला उकरलं तेव्हा चेहरा लालसर होता, नाकातून ताजं रक्त आलं आणि उजव्या कानाखाली बोटभर लांब निळा डाग होता. याच रांगेत गावच्या नायकाची बायको आणि तिचं तान्हं मूल होतं. बाईला मरून सात आठवडे झालेले, माती तीच, आजूबाजूला वॅम्पायरांचीच थडगी, पण ही दोघं पूर्ण कुजलेली. म्हणजे निर्दोष. कुजणं हे इथे चारित्र्याचं प्रमाणपत्र होतं.

फ्लुकिंगर आणि त्याचे दोन जोडीदार लढाईत हातपाय कापायला शिकलेले लोक होते. ताजं प्रेत त्यांना पाठ होतं, पण पुरून तीन महिने झालेलं प्रेत बघायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नसणार. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांचा अर्थ चुकला, निरीक्षण चुकलं नाही. म्हणूनच आज तो अहवाल ओळीओळीने उलगडता येतो. मरणानंतर आतड्यातले जंतू काम थांबवत नाहीत. त्यांच्यामुळे वायू तयार होतो, पोट नगाऱ्यासारखं ताणतं, मग गाल, ओठ, छाती, मांड्या फुगतात. वाळक्या माणसात हा बदल डोळ्यांत भरतो, कारण आधीचं अंग लोकांच्या लक्षात असतं. मिलित्साचं बाळसं ते हे. हाच दाब फुप्फुसातला काळपट लाल द्रव वर ढकलतो आणि तो नाकातोंडातून येतो. बघणाऱ्याला वाटतं, रक्त पिऊन आलाय. मेल्यावर गोठलेलं रक्त पुष्कळदा पुन्हा पातळ होतं, म्हणून छाती चिरली की ते वाहतं. वरची पातळ कातडी हातमोज्यासारखी निघून येते, नखं तिच्याबरोबर जातात, आणि खालचा ओलसर गुलाबी थर नव्या कातडीसारखा दिसतो. दाढी किंवा केस वाढत नाहीत. सुकून कातडी मागे सरते आणि आत दडलेला केसाचा खुंट बाहेर दिसतो. आणि ते कण्हणं? फुगलेल्या छातीत खुंट घुसला की आतली हवा कंठातून बाहेर पडते. कंठ तोच असतो, म्हणून आवाज माणसाचा येतो. हातोडा हातात असलेल्या माणसाने तो ऐकल्यावर त्याला दुसरं काही पटवणं अवघड.

मग नव्वद दिवसांनीही मिलित्सा टिकली कशी? १९व्या शतकात बर्लिनच्या योहान लुडविग कास्परने न्यायवैद्यकासाठी एक ढोबळ हिशोब घालून दिला: उघड्या हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीतले आठ. मिलित्साला हा हिशोब लावला तर नव्वद दिवस म्हणजे उघड्यावरचे साधारण अकरा. त्यात ऑक्टोबरपासून थंडी वाढत गेलेली. म्हणजे तिला नेमकं फुगण्याच्या अवस्थेत वर काढलं. आणखी दोन उन्हाळे थांबले असते तर हाडं मिळाली असती. नायकाची बायको आधीच कुजली याचीही कारणं निघतात. अंगात तापाची विषबाधा पसरून माणूस मेला तर देह लवकर जातो. खड्डा उथळ असला, जमिनीत पाणी झिरपत असलं, पुरायला उशीर झाला असला, तरी फरक पडतो. पाच पावलांच्या अंतरावरची दोन थडगी वेगळं वागू शकतात. गावाला हे ठाऊक नव्हतं, कारण कुठलंही गाव आपली माणसं तीन महिन्यांनी उकरून बघत नाही. ते बघतं फक्त भीतीने. आणि शेजारच्या, कुणाचा संशय नसलेल्या, साथीच्या आधी गेलेल्या माणसाला उकरून ताडून बघावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

वॅम्पायर शोधण्याची आणि संपवण्याची रीत पुढच्या शतकात वुक कराजिचने आपल्या सर्बियन शब्दकोशात लिहून ठेवली. गावात फार माणसं मरू लागली की लोक अंदाज बांधतात, कोण उठला असेल. मग अंगावर एकही पांढरा ठिपका नसलेला काळा शिंगरू कब्रस्तानात नेऊन थडग्यांवरून चालवतात. ज्या थडग्यावरून तो पाय टाकत नाही, तिथे खणायचं. सगळं गाव ग्लॉगचे टोकदार खुंट घेऊन जमतं. ग्लॉग हे तिकडचं काटेरी झुडूप, लाकूड कठीण आणि चिवट. प्रेत कुजलेलं नसेल तर भोसकायचं आणि आगीत टाकायचं. ओलं, फुगलेलं प्रेत जाळणं सोपं नाही. त्याला लाकडं रचून राखत बसावं लागतं. मेद्वेजात हे काम हैदुकांनी स्वतः केलं नाही. मुंडकी छाटून प्रेतं जाळण्याचं काम त्यांनी तिथल्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांकडून करून घेतलं. सोवळ्यातल्यांनी निवाडा करायचा आणि मेलेल्याला हात लावायला गावाबाहेरच्यांना बोलवायचं, ही वाटणी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

कराजिचच्या त्याच नोंदीत दोन गोष्टी आहेत, ज्यांनी मिलित्साकडे बघायची नजर बदलते. पहिली: वॅम्पायर सापडतो तो पुष्ट झालेला, फुगलेला, माणसांचं रक्त पिऊन लाल झालेला, सर्बियन बोलीत ‘वॅम्पायरसारखा लाल’ असं म्हणतात. दुसरी: हे उठतात बहुतेक हिवाळ्यात, नाताळपासून वसंतातल्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत, आणि दुष्काळात ते दिसतात पाणचक्कीपाशी, धान्याच्या कोठारापाशी, मक्याच्या कणग्यांपाशी. कब्रस्तानात नाही, पडक्या वाड्यात नाही. दाणे असतील तिथे. नाताळ ते स्वर्गारोहण हा काळ म्हणजे मागचं पीक सरत चाललेलं आणि पुढचं अजून शेतात, तोच. आपल्याकडे आषाढात कणगी तळाला जाते तसा. अशा दिवसांत अंधारात कोठारापाशी सावली हलली तर ती कुणाची असेल? चोराची म्हणावं तर तो गावातलाच निघणार, नात्यातलाच निघणार. मेलेल्याची म्हणणं सोपं.

मेलेल्याला भूक असते, हे दोघांनाही ठाऊक आहे, सर्बांना आणि आपल्यालाही. ते शिजवलेले गहू मृताच्या नावाने ठेवतात, चाळिसावा दिवस पाळतात. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघत उभी राहतात. कावळा शिवत नाही तोवर घाटावर जी शांतता असते ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ही भूक कथेतली वाटत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, पोरीचं लग्न करून देऊ, काळजी करू नका. फरक एवढाच की आपल्याकडे बहुतेकांचा देह चितेवर जातो, त्याचं पुढे काय होतं हे गावाला बघावं लागत नाही. म्हणून आपली भुतं बिनदेहाची: उलट्या पावलांची, झाडावरची, वाऱ्यासारखी लागणारी. त्यांना खुंट ठोकायला छाती नाही. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ वॅम्पायर म्हणून टाकलं, ते खटकतं ते यामुळेच. आपला वेताळ प्रेतात शिरतो, पण ते प्रेत त्याचं स्वतःचं नसतं. शिवाय कोकणात, गोव्यात तो देव आहे, शिवेची राखण करतो. त्याला लोक चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर फिरून जुन्या झिजतात.

वहाणांवरून किसिलेवोची ती बाई आठवते. मेद्वेजाच्या सात वर्षं आधी, १७२५ मध्ये, सर्बियातल्याच किसिलेवो गावात पेटार ब्लागोयेविच मेला आणि आठ दिवसांत नऊ माणसं गेली. त्याच्या बायकोने सांगितलं की नवरा रात्री आला होता आणि त्याने आपले ओपांकी, म्हणजे चामड्याची पायताणं, मागितली. ते ऐकवून ती गाव सोडून दुसरीकडे गेली. रक्त मागितलं नाही, गळा दाबला नाही. हिवाळ्यात, चिखलात बाहेर पडायचं तर माणूस जे मागेल ते मागितलं. फ्रोंबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने हे जसंच्या तसं वर कळवलं, आणि ब्लागोयेविचच्या तोंडात ताजं रक्त होतं हेही. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राने त्याच जुलैत ते छापलं. वाचणाऱ्यांना रक्त लक्षात राहिलं, पायताणं गळाली.

मेद्वेजाच्या अहवालाचंही तसंच झालं. २६ जानेवारीला बेलग्रेडमध्ये त्यावर साक्षीच्या सह्या झाल्या आणि मार्च संपायच्या आत लंडनच्या वर्तमानपत्रात पावलेची गोष्ट आली. जर्मन विद्यापीठांतून त्या एका वर्षात पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या: आत्मा परत येतो का, सैतानाला प्रेत हलवता येतं का. ग्लासरच्या उपासांवर कुणी पुस्तिका लिहिली नाही. १७५५ मध्ये सायलेशियाच्या हद्दीवर पुन्हा असं एक प्रेत उकरून जाळलं गेलं, तेव्हा ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसाने आपला राजवैद्य खेरार्ट फान स्विटेनचं मत घेतलं. थंडी, घट्ट पेटी आणि हवेचा अभाव एवढ्यावर प्रेत टिकतं, त्यात नवल नाही, असं त्याने मांडलं, आणि राणीने ही उकराउकरी कायद्याने थांबवली. तोवर वॅम्पायर पुस्तकांत शिरला होता आणि तिथे तो बदलत गेला. उमराव झाला, फिका पडला, सडपातळ झाला. पोटभर जेवणाऱ्यांना भीती वाटते ती गालफडं बसलेल्या माणसाची. मेद्वेजाच्या माणसांना भीती वाटली ती गाल भरलेल्या बाईची.

त्या भोवती उभ्या राहिलेल्या माणसांना दोष देणं जमत नाही. त्यांच्या घरात माणसं मरत होती, रात्ररात्र जागून डोळे चुरचुरत होते, आणि सरकारी वैद्य येऊन नीट खा म्हणून गेला होता. नीट खायला काय, हे त्याने लिहिलं नाही. खुंट आणि आग निदान त्यांच्या हातातली होती. मिलित्साला ते ओळखत होते. तिचा वाळका हात त्यांनी विहिरीवर, मेंढ्यांच्या मागे, चर्चच्या दारात पाहिला असेल. तिला कधी काही खायला दिलं होतं की नाही, हे त्यांचं त्यांना माहीत. नाताळाच्या त्या तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला ओळखलं ते एवढ्यावरून की ही ती नव्हे.

अहवालाच्या शेवटी दोन ओळी आहेत. जे वॅम्पायर ठरले त्यांची मुंडकी छाटून धडांसकट जाळली आणि राख मोरावा नदीत टाकली. जे कुजलेले निघाले त्यांना परत त्यांच्या थडग्यात ठेवून माती ओढली. मिलित्सा यादीत दुसरी होती. तिची राख नदीत गेली.